डाळीचं वरचं

यंदा पुन्हा तसलाच उन्हाळा आला आहे. कडुनिंबाचा मोहोर अंगणात पडतो, झाडून पाठ वळवली की पुन्हा पडतो. टँकर गल्लीच्या तोंडाशी आला की आधी घागरींचा खणखणाट ऐकू येतो आणि मग माणसांचा. मला आता घागर उचलवत नाही. शेजारची सून माझी भरून देते आणि जाताना सांगते, "आजी, पुरवून वापरा बरं." मला, पुरवून वापरायला! पण तिला वाईट वाटू नये म्हणून मी मान डोलवते. दुपारी खिडक्यांना ओली चादर लावते, टेबल पुसते, पेनात शाई भरते आणि लिहायला बसते. घामानं कागद ओला होऊ नये म्हणून मनगटाखाली रुमाल घेते. तुमच्या आईला माझ्या या शिस्तीचा फार राग यायचा. तुम्हा दोघांना लांबून गंमत वाटते, हे माझं नशीब.

मैत्रेयी, तुझा व्हिडिओ पोचला. लहान मुलं असलेल्या घरांत जाऊन आयांना आधार देणाऱ्या बायकांना तू तिकडे कसं शिकवतेस, ते छान दिसलं. पाटीएवढा पडदा, त्यात जेवणारं एक गुबगुबीत बाळ, खाली एक प्रश्न, आणि उत्तर बरोबर आलं की उमटणारी हिरवी खूण. शेवटी तू विचारलंस, "आजी, तुझ्या वेळी कसं शिकवायचे गं?" आणि मागून निशांत ओरडला, "फळा आणि छडी!"

नाही रे राजा. आमच्याकडेही मशीन होतं.

काळा, जाडजूड, पुढं जाळी असलेला टेपरेकॉर्डर. त्याला हातात धरायला मूठ होती, आणि मी शिवलेली खाकी कापडाची टोपी होती, धूळ बसू नये म्हणून. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अंगणवाड्या आपल्या भागात नुकत्याच सुरू होत होत्या, आणि त्या चालवणाऱ्या बायकांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं होतं. पत्रावर उस्मानाबाद लिहायचं आणि तोंडानं धाराशिव म्हणायचं, असे ते दिवस. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली. तुमचे आजोबा चेष्टेनं म्हणत, "तुझी मराठी इस्त्री केलेली आहे, बाहेर नेताना चुरगळू देऊ नकोस." बाहेर नेली आणि पहिल्याच आठवड्यात चुरगळली, ते बरंच झालं.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं म्हणायची, हे त्याचं धाकटं भावंड. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊन थांबली. काळ्या रानाला अशा भेगा पडल्या की चालताना वहाण अडकायची. जनावरं छावणीत गेली. आमच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या अलीकडच्या एका गावात सहकारी दूध सोसायटीची खोली होती. सोसायटी होती, दूध नव्हतं. रिकामे कॅन भिंतीशी पालथे घातलेले, आणि आंबट दुधाचा वास मात्र जागा न सोडणाऱ्या भाडेकरूसारखा तिथंच राहिलेला. चेअरमननी ती खोली आम्हाला दिली. तिथं जमिनीवर सतरंजी टाकून आजूबाजूच्या गावांतल्या बायका बसत. मधोमध पाटावर आमचं मशीन, देव्हाऱ्यातल्या देवासारखं.

त्या देवाचे पुजारी होते रशीदभाई, आमच्या जीपचे ड्रायव्हर. कॅसेट अडकली की पेन्सिलीनं फीत गुंडाळायची, शेल उन्हात वाळवून आणखी एक दिवस चालवायचे, या सगळ्या विद्या त्यांच्या. बायका हात लावायला गेल्या की म्हणायचे, "दुरून, भाभी, दुरून! लई नाजूक हाय. तुमच्या सासूवानी बिघडतंय."

कॅसेट 'वरून' येत. वरून म्हणजे कुठून, हे कुणी विचारत नसे. सरकारी कामात सगळंच वरून येतं. त्यात शहरातल्या कुणा बाईंचा गोड, स्वच्छ आवाज होता. प्रत्येक जोडाक्षर न्हाऊमाखू घातलेलं. आमच्या बायका तिला 'कॅसेटातली बाई' म्हणत. शेल उतरायला लागले की तिचा आवाज जड होत होत पुरुषी व्हायचा आणि सतरंजीवर हसू फुटायचं. "अगं, बाईला पडसं झालं बघ!" "पडसं कशाचं, उन्हात फिरली आसंल आपल्यावानी." मग रशीदभाई शेल बदलायचे आणि बाई खडखडीत बरी व्हायची.

मला तो आवाज आवडायचा. आता इतक्या वर्षांनी वाटतं, तो मला आवडायचा कारण तो माझ्यासारखा होता.

सतरंजीवर दाराजवळ बसायची ती सुमन. सातवी शिकलेली, वयानं विशीतली असेल तेव्हा. जवळच्याच एका लहानशा गावातली, बौद्धवस्तीतली. आल्या आल्या "जयभीम बाई" म्हणायची आणि पायांतल्या वहाणा भिंतीशी जोडून ठेवायची. त्या जोडीवरूनच ती माझ्या मनात भरली. तिच्या वस्तीतली मुलं समाजमंदिरात तिच्या अंगणवाडीला येत, पण गावाच्या वरच्या आळीतली येत नसत. उघड कारण कुणी सांगत नव्हतं. "आमचं लेकरू लाजतंय" म्हणत. सुमन म्हणायची, "लाजू द्या. भूक लागली की लाज जाती." सगळ्या कॅसेट तिला पाठ झाल्या होत्या. धडा संपला की ती डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणायची, पोथीसारखा.

ही अशी सुमन एका दुपारी सगळ्या गेल्यावर मागं राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, आमच्या जावंचं लेकरू लई वाळलंय."

जाऊ कौसल्या. तिची मुलगी संघमित्रा, घरात सगळ्यांची संगी, वर्षाची व्हायला आलेली. कौसल्या रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती उपसायला जायची. सकाळी निघताना आणि संध्याकाळी परत आल्यावर अंगावर पाजायची, आणि दिवसभर संगीला आजी, म्हणजे या दोघींची सासू, जिला त्या आत्या म्हणत, सांभाळायची. मी विचारलं, मग खायला काय देता? सुमन म्हणाली, "आपल्या कॅसेटीत हाय तसंच, बाई. रोज. आत्या एक दिस चुकत न्हाईत." आणि मग खाली बघून म्हणाली, "वरच्या आळीत बोलायल्यात. हिच्या घरचंच लेकरू असं, ही आमच्या लेकरांला काय शिकवती. लेकरू राहिलं न्हाय तर बाई, माझ्याकडं पाटी घिऊन कुणी येणार न्हाय. पर त्याचं सोडा. लेकरू राहिलं पायजे."

आम्ही संगीला आणि तिच्या आजीला जीपमधून दवाखान्यात नेलं. मांडीवर घेतली तेव्हा मला दचकायला झालं; ओंजळीत चिमणी धरावी असं वजन. डोळे मोठे, कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या आठ्या. सुई टोचली तेव्हा तिनं तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही, नुसता श्वास. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, आजार नाही. हिला अन्न मिळत नाही.

सुमनच्या सासूबाई उसळल्याच. "मिळत न्हाय कसं? आमी एक येळ उपाशी निजू, पर लेकराची वाटी चुकत न्हाय! इचारा हिला. मशीननं सांगितल्यालं हाय तेच घालतो." सुमननं मान हलवली. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी सुमनकडे. त्या खोलीत कुणीच खोटं बोलत नव्हतं, आणि लेकरू मात्र वाळत होतं.

मैत्रेयी, तुझ्या पडद्यावर हिरवी खूण उमटताना बघून मला ती खोली आठवली. सुमनला त्या धड्याच्या किती हिरव्या खुणा मिळाल्या असत्या!

मला एक सवय होती. धडा शिकवून झाला की बायकांना मी तो त्यांच्या तोंडून वदवून घ्यायची. पण माझ्यासमोर बोलायला त्या लाजत, एकमेकींच्या पाठीमागं लपत. म्हणून दवाखान्यानंतरच्या वर्गात मी मशीन पुढं केलं. माझ्याशी बोलू नका, याच्याशी बोला. रशीदभाईंनी लाल बटण दाबलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बोला. डब्बं ऐकायलंय." पहिली बाई बोलली, आम्ही ते परत वाजवलं, आणि तिनं कपाळावर हात मारला. "अगं बया! ह्यो माझा आवाज? माझी सासू बोलल्यावानी वाटतंय की!" खोली हसून हसून कलंडली. मग प्रत्येकीलाच बोलायचं होतं.

सुमनची पाळी आली. ती ताठ बसली, डोळे मिटले आणि आपल्या भाषेत सांगायला लागली. "लेकरू सहा म्हयन्याचं झालं की त्याला वरचं सुरू करायचं. डाळ शिजवायची. तिचं वरचं तेवढं लेकराला द्यायचं, पातळ. तळातलं जड असतंय, ते मोठ्यांनी खायाचं."

रशीदभाईंनी ते वाजवलं. बायकांनी माना डोलावल्या, छान सांगितलं म्हणून. मी म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. कॅसेटातल्या बाईंचं वाक्य मला पाठ होतं, "बाळाला वरचे अन्न सुरू करावे, प्रारंभी पातळ वरण द्यावे." तुम्हाला हा शब्द माहीत नसेल, म्हणून सांगते. आईच्या दुधाखेरीज जे काही बाळाला देतात, त्याला आम्ही वरचं म्हणतो. वरचं दूध, वरचं खाणं. मला त्याचा एवढा एकच अर्थ येत होता, आणि शब्द तोच ऐकू आला की आपण अर्थ विचारायला थांबत नाही.

"सुमन," मी म्हटलं, "वरचं म्हणजे काय गं?"

"वरचं म्हंजी वरचं, बाई. डाळ निवळत ठिवायची. वर पाणी येतं न्हाय का, ते."

दुसरी म्हणाली, मीबी तेच सांगितलं आमच्या गावात. तिसरी म्हणाली, न्हाय, वरचं म्हंजी इकत घेतल्यालं दूध. कोपऱ्यातून आवाज आला, "मला वाटलं वरचं म्हंजी वरच्या हापिसातनं येणारं, ती सुकडी का काय!" दारातून रशीदभाई म्हणाले, "आमच्या अम्मीला इचारा. वरचं म्हंजे तूप." पुन्हा सगळ्या हसल्या.

सुमन हसली नाही.  ती उठून उभी राहिली. "बाई, आत्या ते फडक्यातनं गाळून देत्यात. डाळीचा कण जाऊ नये म्हणून."

तशाच आम्ही जीपमधून तिच्या घराकडे निघालो. दोन्हीकडे उघडी रानं, मधेच एखादं बाभळीचं झाड, आणि तोंडावर भट्टीतल्यासारखा वारा.

घरासमोरच्या सावलीत सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर संगी, शेजारी पितळेची वाटी, वाटीवर धुऊन पांढरं केलेलं तलम फडकं. इतकं स्वच्छ फडकं त्या पाणीटंचाईत मी दुसरीकडे पाहिलं नव्हतं. स्वतःच्या तोंडावर मारायला पाणी नाही अशा दिवसांत ही बाई नातीचं फडकं रोज धूत होती.  सुमननं त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, "आत्या, वरचं म्हंजी वरचं पाणी न्हाय. खालची डाळबी द्यायची असती."

त्यांनी आधी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजी मशीन खोटं बोललं?"

"मशीन खोटं नाही बोललं," मी म्हटलं. "आणि तुम्हीही चुकला नाहीत. शब्द एकच होता, त्यांच्याकडे त्याचा अर्थ एक, आपल्याकडे दुसरा."

"असू दे की. मंग आमचं लेकरू कुणाच्या अर्थानं वाळलं?"



त्यांनी वाटी बाजूला सारली. मग संगीच्या पोटावरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "तळाचं घातलं अन् पोट फुगलं तर?" मी म्हटलं, फुगलं तर मी इथंच आहे, आणि पदर खोचून ओसरीवर बसले. सुमननं डाळीत पळी तळापर्यंत घातली, हाटली, भाकरीचा मऊ पापुद्रा कुस्करला, गुळाचा खडा विरघळवला. संगीनं पहिला घास थुंकला. दुसराही. तिला चावणं, गिळणं माहीतच नव्हतं. पाण्यावर वाढलेलं लेकरू ते. उन्हं कलल्यावर कौसल्या कामावरून आली. केसांत, भुवयांत माती. काय झालं ते सुमननं तिला सांगितलं. कौसल्यानं हात धुतले, बोटाच्या टोकावर डाळ घेतली आणि लेकीच्या ओठांना लावली. संगीनं ती चाटली. कौसल्यानं पुन्हा लावली. आम्ही चौघी त्या बोटाकडे बघत बसलो होतो. एवढ्या एकाग्रतेनं मी आयुष्यात दुसरं काही बघितलेलं नाही, तुमच्या आईच्या जन्मानंतरचा पहिला तास सोडला तर.

ही गोष्ट असती तर मी लिहिलं असतं की संगी दुसऱ्या दिवशी खेळायला लागली. तसं होत नाही. जीप मिळेल तेव्हा मी जायची. समाजमंदिराच्या आढ्याला टांगलेल्या काट्याला झोळी अडकवून सुमन तिला तोलायची, आणि काटा जागच्या जागी. कधी जुलाब व्हायचे, आणि सासूबाई सुनेकडे न बघता फक्त उसासा टाकायच्या. वरच्या आळीतून पाण्याला येणाऱ्या बायका वाट वाकडी करून डोकावून जायच्या. सुमन त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गाणी म्हणून मुलांना नाचवायची, आणि त्या गेल्या की भिंतीला टेकून बसायची. एकदा म्हणाली, "बाई, ह्या काट्याला काय देवाची शपथ घातली का?" आणि मग त्या काट्यानं एका दिवशी अगदी केसाएवढी हालचाल केली. सुमननं झोळी पटकन उतरवून घेतली. दृष्ट लागेल अशी भीती मला, इंग्रजी शाळेत शिकलेल्या बाईला, त्या दिवशी वाटली.

कॅसेटमधला शब्द बदला म्हणून मी वर कळवलं होतं. वरून काही उत्तर आलं नाही. तेव्हा बायका म्हणाल्या, आपणच भरू की नवी. सोसायटीच्या खोलीत यावरून मोठी वादावादी झाली. वरचं हा शब्द टाकायचा, यावर एकमत. मग त्याच्या जागी काय? 'पूरक' म्हटलं तर कुणाला कळेना. 'दाट' म्हटलं तर एकीला वाटलं, घट्ट गोळा. शेवटी ठरलं, नाव द्यायचंच नाही. कसं करायचं तेच सांगायचं. आणि सांगणार कोण? सुमन म्हणाली, "कौसल्या."

कौसल्या मागं सरली. "मला न्हाय जमायचं. म्या कुठं शिकल्याली हाय?"

"तुला शिकल्यालं बोलायचंच न्हाय," सुमन म्हणाली. "घरात मला सांगती तसं सांग."

समाजमंदिरात ते ध्वनिमुद्रण झालं. रशीदभाईंनी बाहेरच्या कोंबड्या हाकलल्या, पोरांना दम दिला, आणि म्हणाले, डाळीचं भांडं पुढ्यात ठेवा, पळीचा आवाज यायला पाहिजे, नाहीतर खरं वाटत नाही. संगी आजीच्या मांडीवर बसली होती. लाल बटण दाबलं. कौसल्या त्या जाळीकडे बघून बोलायला लागली, आधी अडखळत, मग तलावावर सोबतिणीशी बोलावं तशी. "बायांनो, डाळ शिजली का पळी तळापस्तोर घाला. खालवर करा. पाणी तेवढं काढू नगा. आमी तसं केलं, आमचं लेकरू वाळलं..."

"फडक्याचं सांग!" मागून सासूबाई म्हणाल्या. "गाळू नगा म्हणावं. ते माझं नाव घिऊन सांग."

कौसल्यानं सांगितलं. सासूचं नाव न घेता सांगितलं. आणि पळी भांड्यावर वाजली. तो आवाज संगीनं ओळखला. तिनं भांड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, हात पुढं केले. आई डब्याशीच बोलत होती. भांडं समोर, डाळ समोर, आणि घास कुणी देईना. संगीच्या कपाळावर आठी पडली, तिनं छातीभर श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की दाराशी परत आलेली कोंबडी फडफडून उडाली. पोटभर जेवणाऱ्या पोराचा, हक्काचा, संतापलेला टाहो. या लेकराच्या घशात आवाज आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

रशीदभाईंचा हात बटणाकडे गेला. "बंद करू का, बाई?"

सासूबाई म्हणाल्या, "हात लावू नगा!" आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या, की रडू लागल्या, ते त्यांचं त्यांना माहीत. दारात वरच्या आळीतल्या दोघी घागरी घेऊन थबकल्या होत्या. त्यांतली एक पुढच्या आठवड्यात आपलं लाजरं लेकरू घेऊन आली.

ते रडणं आम्ही पुसलं नाही. कौसल्याचा धडा, मधे तो टाहो, आणि त्यावरून आणखी मोठ्या आवाजात बोलणारी कौसल्या, अशीच ती कॅसेट गावोगाव फिरली, बेंबळीपासून सोनारीपर्यंत. आणि जिथं जिथं ती लागली, तिथं धडा मध्यावर आला की ऐकणाऱ्या बायकांतली एखादी तरी हमखास मशीनवर ओरडायची, "अगं, बोलती काय नुसती? आधी त्या लेकराला दे की!"